शेवटी तिला नायकच मिळतो, मग ती बायसेक्शुअल कशी?

नेमाने प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्यांच्या गप्पांत एक तक्रार हमखास निघते. नायिकेचं आधी एका मुलीवर प्रेम होतं, दोघी काही वर्षं एकत्र होत्या, हे पहिल्या दहा-वीस पानांत कळतं. तीनशे पानांनंतर ती एका पुरुषाशी लग्न करून सुखाने नांदू लागते. मग वाचक विचारतो, "त्या मुलीचं प्रकरण मधे आणलंच कशाला? त्याने कथेत काय फरक पडला?" नेमकी उलटी कुरकुरही ऐकू येते. दोन पुरुषांच्या प्रेमकथेत एकाची आधीची बायको किंवा गर्लफ्रेंड उगवली की काहींची नाकं मुरडतात. तो सरळ गे असता तर बरं झालं असतं, असा सूर लागतो.

दोन्ही तक्रारींमागे सवय एकच आहे. पुस्तक मिटताना जी जोडी समोर असते तिच्यावरून आपण त्यातल्या दोन्ही माणसांची लैंगिकता ठरवून मोकळे होतो. स्त्री आणि पुरुष दिसले की दोघं स्ट्रेट म्हणजे भिन्नलिंगी, दोन पुरुष दिसले की दोघं गे. बायसेक्शुअल म्हणजे उभयलैंगिक माणूस मात्र कुठल्याच एका जोडीत पूर्ण दिसत नाही. आणि रोमान्स हा साहित्यप्रकार तर उभाच आहे जोडीवर. बायसेक्शुअल पात्रांबद्दल वाचक जे काही म्हणतात, त्यातलं बरंचसं या अडचणीतून येतं असं माझं मत आहे.

आधी बायसेक्शुअल म्हणजे काय ते पाहू. अमेरिकी कार्यकर्त्या रॉबिन ऑक्स यांनी केलेली व्याख्या बरीच प्रचलित आहे. तिचा आशय असा: एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींबद्दल प्रेमाचं किंवा शारीरिक आकर्षण वाटू शकणं. ते एकाच वेळी वाटायला हवं असं नाही, एकाच तऱ्हेने वाटायला हवं असं नाही आणि सारख्याच प्रमाणात वाटायला हवं असंही नाही. गैरसमजांचा मोठा ढीग यातल्या शेवटच्या तीन अटी बाजूला सारतात. निम्मं-निम्मं, तराजूत तोलल्यासारखं आकर्षण हवं, ही कल्पना लोकांच्या डोक्यात घट्ट बसलेली असते. अमेरिकी लैंगिकता-संशोधक अल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ साली पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ० ते ६ अशी मोजपट्टी होती. ० म्हणजे फक्त भिन्नलिंगी, ६ म्हणजे फक्त समलिंगी, आणि मधल्या पायऱ्यांवर बाकीचे. आज ती पट्टी अपुरी वाटते, पण माणसं दोनच खणांत मावत नाहीत हे तिने तेव्हाच दाखवलं होतं.

व्याख्येतली खरी मेख 'वाटू शकणं' यात आहे. ही शक्यतेची गोष्ट आहे, हजेरीपटाची नाही. एखादी बाई जन्मभर एकाच जोडीदाराबरोबर राहिली म्हणून तिची लैंगिकता बदलत नाही. स्ट्रेट नायकाने एकीशी लग्न केलं तर 'आता उरलेल्या बायकांचं काय?' असं कुणी विचारत नाही. बायसेक्शुअल नायिकेला मात्र हाच प्रश्न विचारला जातो, फक्त जरा सभ्य शब्दांत.

आता रोमान्सकडे. बाजारात ज्या पुस्तकांना रोमान्स म्हटलं जातं त्यांचा वाचकाशी एक करार असतो. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकसंघटनेच्या व्याख्येत दोनच अटी आहेत: कथेच्या केंद्रस्थानी प्रेमकथा हवी आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायी हवा. या शेवटाला वाचक 'हॅपिली एव्हर आफ्टर' म्हणतात. अगदी जन्माची गाठ नाही, पण सध्या तरी सगळं छान, असा शेवट असेल तर 'हॅपी फॉर नाउ'. हा करार मोडला तर वाचक खवळतात. मारामारी, फसवणूक, स्मृतिभ्रंश, मधे काय वाटेल ते घडू दे. शेवटी ती दोघं एकत्र हवीत आणि ती टिकतील असा भरवसाही हवा.

या भरवशापाशीच पहिला खटका उडतो. बायसेक्शुअल माणूस म्हणजे तळ्यात-मळ्यात करणारा, दोन्ही डगरींवर हात ठेवणारा, ही प्रतिमा वाचकाच्या मनात आधीपासून असते. नायक बायसेक्शुअल आहे म्हटल्यावर काही वाचकांना शेवटच्या पानानंतरची चिंता लागते. आज हा या मुलीबरोबर सुखी आहे, उद्या याला पुरुषाची ओढ लागली तर? चिंता वरवर तर्कशुद्ध वाटते, पण जरा खरवडली की पोकळ निघते. कुठल्याही नायकाला उद्या दुसरं कुणी आवडू शकतं. सोनेरी केसांच्या मुलीच्या प्रेमात पडलेल्या नायकाला पूर्वी काळ्या केसांच्या मुली आवडायच्या, म्हणून आपण धास्तावत नाही.

मग नेमकी इथेच धास्ती का? कायद्याचे अभ्यासक केंजी योशिनो यांनी २००० साली 'स्टॅनफर्ड लॉ रिव्ह्यू'त एक दीर्घ लेख लिहिला. बायसेक्शुअल माणसं चर्चेतून अशी पुसली का जातात, हा त्याचा विषय. त्यांचं म्हणणं असं की या पुसण्यात स्ट्रेट आणि गे दोन्ही गटांचा नकळत हितसंबंध असतो, आणि त्याची त्यांनी तीन कारणं दिली. लैंगिकतेचे खण पक्के, न हलणारे राहावेत, हे एक. माणसांची विभागणी करताना स्त्री की पुरुष हा निकष सर्वांत मोठा राहावा, हे दुसरं. आणि एकनिष्ठेच्या चौकटीला धक्का लागू नये, हे तिसरं. बायसेक्शुअल माणसाला सुखी व्हायला दोन जोडीदार लागतात असं गृहीत धरलं जातं, म्हणून तो एकनिष्ठेला धोका वाटतो. योशिनो रोमान्सबद्दल लिहीत नव्हते. पण एकनिष्ठा हेच ज्याचं भांडवल आहे अशा साहित्यप्रकाराला हे तिसरं कारण किती चपखल बसतं, ते सांगायला नको.

(एक खुलासा इथेच करून टाकतो. एकापेक्षा अधिक जोडीदारांसह, सगळ्यांच्या संमतीने राहणारी नाती हा वेगळा विषय आहे. रोमान्समध्ये त्याचीही शाखा आहे. नायिका तीन-चार नायकांपैकी कुणा एकाला निवडतच नाही, अशी ती पुस्तकं. 'व्हाय चूज' या नावाने ती ओळखली जातात. त्यातली पात्रं बायसेक्शुअल असतात किंवा नसतातही. ते नात्याच्या रचनेबद्दल झालं, आकर्षणाबद्दल नव्हे.)

या भीतीचं कादंबरीत काय होतं ते एका छोट्या प्रसंगात पाहू. प्रसंग माझ्या मनचा आहे, पण या तऱ्हेचे प्रसंग रोमान्स वाचणाऱ्यांच्या ओळखीचे असतील. नायक-नायिका रात्री ओट्यापाशी भांडी आवरत आहेत. ती म्हणते, "याआधी मी तीन वर्षं एका मुलीबरोबर होते." आता नायक काय बोलतो यावर पुढचं पुस्तक ठरतं.

एका पुस्तकात तो म्हणेल, "म्हणजे आता मी पुरुषांवरही लक्ष ठेवायचं आणि बायकांवरही?" इथून पुढची शंभर पानं नायिका आपली निष्ठा सिद्ध करत बसते. दुसऱ्या पुस्तकात त्याचे डोळे चमकतात आणि त्याला भलत्याच कल्पना सुचू लागतात. तिचं तीन वर्षांचं नातं त्याच्या करमणुकीचा विषय होतं. तिसऱ्या पुस्तकात तो ताट पुसता पुसता विचारतो, "मग तुटलं कशामुळे?"

तिसरा नायक मला सर्वांत आवडतो. तो काही उदार-बिदार वागत नाही, उपदेशपर वाक्यं फेकत नाही. त्या मुलीला तो 'आधीची जोडीदार' एवढंच स्थान देतो, आणि म्हणून नायिकेला उत्तर द्यावं लागतं. ती माझ्या कामाला कंटाळली, किंवा मीच तिला गृहीत धरलं, असं काहीतरी. त्या उत्तरातून आपल्याला नायिका कळते. 'ते प्रकरण मधे आणलंच कशाला' या प्रश्नाचा निकाल अशा जागी लागतो. पूर्वीच्या नात्याने नायिकेला घडवलेलं असेल तर ते कथेत हवंच. नुसतं ओळखपत्र दाखवण्यासाठी आलं असेल तर वाचकाचा प्रश्न अगदी रास्त आहे. मात्र हा निकष आधीच्या बॉयफ्रेंडलाही लावायला हवा, आणि तो सहसा लावला जात नाही.

पामेला रेजिस यांचं २००३ सालचं रोमान्स कादंबरीवरचं पुस्तक या प्रकाराच्या अभ्यासकांना ठाऊक असतं. त्यात त्यांनी रोमान्सचे आठ आवश्यक घटक सांगितले आहेत. नायक-नायिकेची भेट, आकर्षण, प्रेमाची कबुली वगैरे. त्यातला आपल्या कामाचा घटक म्हणजे अडथळा: ही दोघं लगेच एकत्र का येऊ शकत नाहीत, त्याचं कारण. बायसेक्शुअल पात्र असलेली कोणतीही प्रेमकथा वाचताना विचारून पाहावं, इथे अडथळा कोणता आहे? पात्राची लैंगिकता हाच अडथळा असेल तर कथा एका दिशेला जाते. ती अडथळा नसेल, नुसती असेल, तर दुसऱ्या. टालिया हिबर्ट यांच्या २०२० सालच्या 'टेक अ हिंट, डॅनी ब्राउन'ची नायिका बायसेक्शुअल आहे आणि तिची जोडी पुरुषाशी जमते. तिच्यापुढचा अडथळा असतो प्रेमाच्या नात्याचीच धास्ती. तिला कोण आवडतं यावरून नायक तिला छळत नाही आणि लेखिकाही छळत नाही. अशी पुस्तकं वाचताना अनेक बायसेक्शुअल वाचकांना हायसं वाटतं. उलट काहींना चुटपुट लागते, की मग बाय, म्हणजे बायसेक्शुअल, असण्याचा अनुभव पुस्तकात उतरला कुठे? दोन्ही वाचक बायसेक्शुअल असू शकतात. 'बाय वाचकांना काय हवं' याचं एकच उत्तर शोधणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

स्त्री-पुरुष जोडीवर शेवट झाला की लेस्बियन आणि क्वीअर (भिन्नलिंगी चौकटीत न बसणाऱ्या) वाचकांपैकी काही जणी नाराज होतात, आणि त्यांना थेट पूर्वग्रहदूषित ठरवणं मला पटत नाही. त्यामागे इतिहास आहे. १९५२ साली अमेरिकेत मॅरिजेन मीकर यांनी व्हिन पॅकर या टोपणनावाने 'स्प्रिंग फायर' ही कादंबरी लिहिली. कॉलेजातल्या दोन मुलींचं प्रेम हा तिचा विषय. सुखान्त करता येणार नाही, असं प्रकाशनाकडून आधीच बजावलेलं होतं. समलिंगी प्रेमाचा गौरव केलेलं पुस्तक टपाल खातं अडवेल ही भीती. त्यामुळे शेवटी एक मुलगी वेडी होते आणि दुसरीला साक्षात्कार होतो की आपलं तिच्यावर खरं प्रेम नव्हतंच. त्या काळच्या स्वस्त कादंबऱ्यांत हा शेवट ठरीव होता: एकीचा सर्वनाश, दुसरी 'सुधारून' पुरुषाकडे परत. ज्या वाचकवर्गाने अशी पुस्तकं लपूनछपून वाचली, त्याला 'शेवटी ती पुरुषाकडे गेली' हे वाक्य साधं कसं वाटेल? आजची बायसेक्शुअल नायिका कुठून सुधारून परत आलेली नसते. पण जुन्या शेवटाची सावली तिच्यावर पडते, आणि लेखक तिथे बेसावध राहिला तर वाचक चिडतात.

दुसरी बाजू आकड्यांतून दिसते. प्यू रिसर्च सेंटरने २०१३ साली अमेरिकेतल्या समलिंगी, बायसेक्शुअल आणि ट्रान्सजेंडर प्रौढांचं मोठं सर्वेक्षण केलं. त्यात पक्क्या नात्यात असलेल्या बायसेक्शुअल व्यक्तींपैकी ८४ टक्के भिन्नलिंगी जोडीदाराबरोबर होत्या. म्हणजे ज्या शेवटाला 'बायपण पुसलं' म्हटलं जातं, तोच तिथल्या, पक्क्या नात्यात असलेल्या बहुसंख्य बायसेक्शुअल माणसांचा रोजचा संसार आहे. त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा होता. आपल्या जवळच्या सगळ्यांना किंवा बहुतेकांना आपली लैंगिकता ठाऊक आहे, असं ७७ टक्के गे पुरुषांनी आणि ७१ टक्के लेस्बियन स्त्रियांनी सांगितलं. बायसेक्शुअल लोकांत हे प्रमाण फक्त २८ टक्के होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की अशा पुस्तकाची भूक कुठून येते ते समजतं. नवऱ्याबरोबर राहणारी, कुणालाच न सांगितलेली बाई जेव्हा आपल्यासारखीच नायिका वाचते, तेव्हा 'ते प्रकरण मधे आणलंच कशाला' हा प्रश्न तिच्या मनातही येत नाही. तिच्यासाठी पुस्तकाचा जीव त्या प्रकरणातच असतो.

आता दोन पुरुषांच्या प्रेमकथांकडे. इथे एक कथानक फार चाललं, वाचकांच्या बोलीत 'गे फॉर यू'. नायक आयुष्यभर फक्त मुलींच्या मागे, आणि अचानक एका पुरुषाच्या प्रेमात. मी गे नाही, पण तुझ्यासाठी गे आहे, असा त्याचा आविर्भाव. यातलं आकर्षण मला कळतं. हे प्रेम इतकं जबरदस्त की माणसाची आख्खी ओळखच हलली, ही रोमान्सला साजेशी अतिशयोक्ती आहे. पण तीनशे पानं पुरुष आणि बाई दोन्ही आवडणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायची आणि 'बायसेक्शुअल' ही शक्यता कुणाच्या, अगदी त्याच्या स्वतःच्याही डोक्यात येऊ द्यायची नाही, हा काय प्रकार? बाय वाचकांनी यावर टीका केली, आणि पुढे 'बाय अवेकनिंग' हे लेबल रुळलं. म्हणजे तोच नायक, पण आपल्यात हे आधीपासून होतं हे त्याला आता उमगतं.

यातला फरक जवळून पाहायचा तर केसी मॅक्विस्टन यांची २०१९ सालची 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू' घ्या. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा अॅलेक्स आणि ब्रिटनचा राजपुत्र हेन्री यांची ही गोष्ट. हेन्री चुंबन घेतो आणि अॅलेक्स गडबडून जातो. त्यानंतर त्याला शाळेतला मित्र लियम आठवतो. त्याच्याबरोबर जे काही झालं होतं ते सगळीच मुलं करतात, त्यात काय विशेष, अशी अॅलेक्सने स्वतःची समजूत घातलेली असते. आता त्याला ते सगळं नव्याने वाचावं लागतं. आणि सल्ला विचारायला तो जातो नोराकडे, म्हणजे आपल्या आधीच्या गर्लफ्रेंडकडे, जी स्वतः बायसेक्शुअल आहे. एवढ्याशा तजविजीने केवढं काम झालं पाहा. हेन्रीमुळे अॅलेक्स 'बदलला' असं म्हणायची सोय उरली नाही, कारण लियम होता. आणि नोराबरोबरचं नातं खोटं होतं असंही म्हणता येत नाही, कारण नोरा अजून त्याच्या आयुष्यात आहे, जिवाभावाची मैत्रीण म्हणून. दोन पुरुषांच्या कितीतरी प्रेमकथांत आधीची बायको खलनायिका असते: पैशाची लोभी, कजाग, संशयी. ती वाईट ठरली की नायकाचा भूतकाळ एक चूक म्हणून निकालात काढता येतो. स्त्रीपात्रांवरच्या या अन्यायाबद्दल वाचक बोलतात, पण त्यात बाय असणंही पुसलं जातं हे कमी वेळा लक्षात घेतलं जातं.

अॅलिस ओसमन यांच्या 'हार्टस्टॉपर' या चित्रकादंबरीतला निक हा रग्बी खेळणारा शाळकरी मुलगा याच जातकुळीचा. त्यावरची मालिका एप्रिल २०२२मध्ये आली. तिच्यात तो आईशेजारी बसून समुद्री चाच्यांचा एक गाजलेला चित्रपट पाहतो, आणि पडद्यावरचा नायक आणि नायिका दोघांकडेही आपली नजर जाते आहे हे त्याला कळतं. त्याच्या चेहऱ्यावरचा तो 'अच्छा, असं आहे तर' हा भाव अनेक बाय प्रेक्षकांना आपला वाटला. पुढे शाळेतल्याच चार्ली या मुलाबरोबरचं नातं जाहीर होऊ लागल्यावर लोक त्याला गे समजतात आणि तो दर वेळी, न चिडता, दुरुस्ती करतो: बाय. ही दुरुस्ती इतक्यांदा येते की काहींना तिचा कंटाळा आला. मला वाटतं कंटाळा यायलाच हवा. खऱ्या आयुष्यातही ती कंटाळा येईपर्यंत करावी लागते.

टेलर जेन्किन्स रीड यांच्या २०१७ सालच्या 'द सेव्हन हजबंड्स ऑफ एव्हलिन ह्यूगो'त तर ही दुरुस्ती मोठ्या ठसक्यात येते. हॉलिवूडची म्हातारी नटी आपलं आयुष्य एका पत्रकार मुलीला सांगते आहे. तिचं सर्वांत मोठं प्रेम एक स्त्री होती हे ऐकून मुलगी तिला लेस्बियन समजते, आणि एव्हलिन तिला तिथल्या तिथे खडसावते. हे पुस्तक वाचूनही एव्हलिनला लेस्बियन म्हणणारे वाचक भेटतात, यावरून सवय किती चिवट आहे ते कळेल. तिची प्रेयसी सीलिया स्वतः लेस्बियन आहे आणि एव्हलिनला पुरुषही आवडतात हे तिला आतून कधी धड पचत नाही. मत्सर आणि अविश्वास फक्त स्ट्रेट लोकांकडूनच येतो, हा भ्रम त्यामुळे गळून पडतो. आणि एव्हलिन सोज्वळही नाही. ती स्वार्थी आहे, हिशेबी आहे, माणसं वापरते. धूर्त, लंपट, विश्वास टाकू नये अशी बायसेक्शुअल बाई हा घासून गुळगुळीत झालेला साचा असल्यामुळे अशी पात्रं नकोतच, असं काही वाचकांचं म्हणणं असतं. मला ते अर्धंच पटतं. सगळ्या पुस्तकात एकच बाय पात्र आणि तेच दगाबाज असेल तर साचा दिसतो. पात्राच्या दुर्गुणांचं मूळ महत्त्वाकांक्षेत, गरिबीत, भीतीत दाखवलं असेल तर ते माणूस वाटतं.

मराठीत या संदर्भात सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) आठवल्याशिवाय राहत नाही. ती रोमान्सच्या करारातली कादंबरी नव्हे आणि सुखान्ताचं वचनही ती देत नाही. घरात राहायला आलेल्या एका तरुणावर तनय आणि अनुजा या भावंडांचं, दोघांचंही प्रेम बसतं. आधी तनय बोलतो, मग अनुजा. तो तरुण मात्र स्वतः कधीच बोलत नाही, त्याला नावसुद्धा नाही. कादंबरीची ताकद त्या पोकळीतच आहे. पण बायसेक्शुअल पात्र म्हणून पाहिलं तर तो आपल्याला फक्त त्याच्यामुळे दुखावलेल्यांच्या नजरेतून दिसतो. गंभीर साहित्यात हे पात्र बऱ्याचदा असंच येतं, गूढ, निसटून जाणारं. इथे बाजारू म्हणून हिणवला जाणारा रोमान्स एक मोठं काम करून जातो. आजच्या बहुतेक रोमान्स कादंबऱ्यांत प्रकरणं आलटून पालटून दोघांच्या मनातून सांगितली जातात. त्यामुळे बाय पात्राला आतला आवाज मिळतोच. त्याला काय वाटतं, कशाची भीती वाटते, जोडीदार आवडतो म्हणजे नेमकं काय आवडतं, हे सगळं पानापानावर उघडं होतं. गूढपणा ठेवायला या प्रकारात जागाच नाही.

वाचकांचा प्रतिसाद कधीकधी पुस्तक ओलांडून माणसांवर जाऊन आदळतो. बेकी अल्बर्टाली यांच्या २०१५ आणि २०१८ सालच्या किशोरवयीन कादंबऱ्या क्वीअर मुलामुलींच्या प्रेमाबद्दल होत्या. लेखिका पुरुषाशी लग्न केलेली, म्हणजे स्ट्रेटच, म्हणजे बाहेरची, असं गृहीत धरून त्यांच्यावर टीका झाली. दुसऱ्या कादंबरीत बाय नायिका लिआ दुसऱ्या मुलीला 'तू धड बाय तरी म्हण' अशा थाटात सुनावते. त्या प्रसंगाने काही वाचक दुखावले आणि ती टीका मला योग्य वाटते. पुस्तकातल्या प्रसंगावर ती होती. पण लेखिकेची चौकशी सुरूच राहिली, आणि ऑगस्ट २०२०मध्ये त्यांनी आपण बायसेक्शुअल असल्याचं लिहिलं. ही वेळ त्यांनी स्वखुशीने निवडलेली नव्हती, हे लेखात स्पष्ट होतं. दोन वर्षांनी 'हार्टस्टॉपर'मध्ये निक साकारणाऱ्या किट कॉनरच्या वाट्याला हेच आलं. एका मुलीबरोबर तो दिसला म्हणून त्याच्यावर प्रेक्षकांना क्वीअर असल्याचं भासवून फसवल्याचा आरोप झाला. शेवटी ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस, १८ वर्षांच्या त्या मुलाने आपण बाय असल्याचं जाहीर केलं आणि काही लोकांना मालिकेचा मुद्दाच कळला नाही असंही सुनावलं. दोघांच्या बाबतीत लोकांनी केलं तेच, जे ते पात्रांच्या बाबतीत करतात. बाजूला कोण उभं आहे ते पाहिलं आणि निकाल दिला.

बायसेक्शुअल लेखनाला स्वतंत्र जागा मिळायलाही वेळ लागला. १९९१ साली बायसेक्शुअल लोकांच्या लेखनाचा 'बाय एनी अदर नेम' हा संग्रह आला, तेव्हा क्वीअर साहित्यासाठीच्या लॅम्डा पुरस्कारांत बायसेक्शुअल असा विभागच नव्हता. संग्रह लेस्बियन संकलनांच्या विभागात स्पर्धेत उतरला, त्यात पुरुषांचंही लेखन असताना. स्वतंत्र विभाग पुढे बऱ्याच वर्षांनी आला.

एक व्यावहारिक पेच अजून सुटलेला नाही. मुखपृष्ठावर जोडी असते. स्त्री-पुरुषांची जोडी छापली तर पुस्तक बाय नायिकेचं आहे हे दुकानात कुणाला कळणार? ब्लर्बमध्ये, म्हणजे मलपृष्ठावरच्या मजकुरात, सांगावं तर काही वाचक म्हणतात लेबल लावून विकताय. न सांगावं तर शोधणाऱ्यांना ते सापडत नाही, आणि नको असलेल्यांना चाळिसाव्या पानावर धक्का बसतो. मग दोघंही एकेक तारा देऊन मोकळे. 'बाय अवेकनिंग' प्रकारच्या पुस्तकांत तर नायकाला स्वतःलाच शंभर पानं पत्ता नसतो, तिथे ब्लर्बने आधी सांगितलं की रहस्य फुटल्याची ओरड होते. मला ही ओरड पटत नाही. दोघं शेवटी एकत्र येणार हे ठाऊक असूनच आपण रोमान्स उचलतो. कसं येणार यासाठी पैसे मोजतो. नायक बाय आहे हे आधी कळल्याने त्यातली मजा कमी होईल, असं एकही चांगलं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. त्यामुळे ब्लर्बमध्ये सांगावं, आणि तिथे 'बायसेक्शुअल' हाच शब्द वापरावा. 'लेबलांपलीकडचं प्रेम' असलं काही छापलेलं दिसलं की मी तरी पुस्तक परत फळीवर ठेवतो.